अदलाबदलीच्या रांगेत

मंगळवार, २८ मे

आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी फेब्रुवारीत सांगितले होते की छातीत घट्ट वाटू लागले की वेळ आणि कारण वहीत लिहीत जा. वेळ सापडायची, कारण सापडायचे नाही, म्हणून वही कोरीच राहिली. आज कारण आहे. आईचा पाय मोडला.

परवा रविवारी पहाटे ती घळीत भाजी खुडायला उतरली आणि ओल्या दगडावरून घसरली. डाव्या घोट्याचे हाड. प्लास्टर सहा आठवडे. शेजाऱ्यांनी तिला दवाखान्यात नेले. डॉक्टर पट्ट्या गुंडाळत होते तेव्हा तिने म्हणे एकच विचारले, "रविवारपर्यंत चालता येईल ना?" ते हसले. तिला ते आवडले नाही.

घरी आल्यावर म्हणाली, "चेबो, परवाचा रविवार गेला, हा एक. येता गेला तर दोन. तिसऱ्याला दोन्या प्रुदेन्सिया माझा दगड उचलते."

रविवारच्या बाजारात अदलाबदल करणाऱ्या बायकांच्या रांगेत प्रत्येकीच्या जागेच्या डोक्याशी एक दगड असतो. एका पावसाळ्यात जागा तीन रविवार रिकामी राहिली, की दगड उचलतात आणि जागा पुढच्या बाईला देतात. बाराच्या घंटेआधी उठले तरी रिकामीच धरतात. आईची जागा चर्चच्या भिंतीकडून सातवी, सावलीतली. एकोणीस वर्षे तीच बसते आहे. पुढची बाई म्हणजे दोन्या ओबदूलिया (मोठ्या बाईला आम्ही दोन्या म्हणतो), जी चार वर्षे गटाराच्या कडेला उन्हात बसून वाट पाहते आहे.

रांगेत पैसे चालत नाहीत. आमच्या घरातला मका, काळा घेवडा, मिरची, सरपण, साबण, सगळे तिथून येते आणि त्या बदल्यात आई देते ती फक्त घळीतली भाजी. जागा गेली तर चूल गेली.

मी म्हणालो, "मी जातो." म्हणालो म्हणजे तोंडातून निघून गेले. फेब्रुवारीपासून मी कोपऱ्यावरच्या दळणाच्या गिरणीपलीकडे गेलेलो नाही.

दुपारी ४.१०. घट्ट. कारण वर दिले आहे.


रविवार, २ जून

गेलो नाही. शर्ट घातला, टोपली उचलली, दार उघडले. बसवाल्याने हॉर्न वाजवला. उंबऱ्यावरच बसून राहिलो. बाराची घंटा झाली तेव्हा टोपली आत आणली.

आई खाटेवर घेवडा निवडत राहिली. रागावली असती तर बरे झाले असते.


बुधवार, ५ जून

मामा फिदेन्सियो आला होता. आईसाठी तळलेल्या डुकराच्या मांसाचा पुडा घेऊन आला. मी उठून परसात गेलो. तिथेही त्याचा आवाज येत होता. "ताई, हा पुरुषासारखा पुरुष आणि सशासारखा जगतो. ससा तरी पाला खातो, हा तेही खात नाही."

हे खरे आहे, म्हणून लिहितो. फेब्रुवारीत पुएब्ला शहरातल्या सॉसेजच्या कारखान्यात माझ्याबरोबर काम करणाऱ्या रोखेलियोचा हात यंत्रात गेला. बंद करायचे बटण माझ्यापासून तीन पावलांवर होते. मी दाबले, पण उशिरा दाबले. हात शिवला आहे, बोटे हलतात. त्याने दोनदा निरोप पाठवला की तुझी चूक नव्हती. तरी तेव्हापासून चरबीचा वास आला की जिभेखाली पाणी सुटते, हात गार पडतात आणि कुठेतरी पळावेसे वाटते. टॉर्टिया आणि मीठ एवढेच पोटात राहते. पट्ट्याला खिळ्याने दोन नवी भोके पाडली आहेत.


शनिवार, ८ जून

उद्या गेलेच पाहिजे. उद्याचा तिसरा.

आईने खाटेवरून सगळे सांगितले. घोळ कुठे पसरते, रानमाठ कोणत्या बांधाला, चाकवताचे तुरे कुठवर कोवळे असतात. निवडुंगाचे पान कुठून कापले म्हणजे झाड रडत नाही. मी लिहून घेतले आणि पहाटे घळीत उतरलो. तिथे कोणी नसते, म्हणून भीती वाटली नाही.

दुपारभर भाजी साफ केली. तीन पाण्यांतून धुतली, मुळे कापली, जाड देठ काढले, पिवळे पान एकही ठेवले नाही. सारख्या लांबीच्या चोवीस जुड्या पांढऱ्या दोऱ्याने बांधल्या. निवडुंगाच्या पानांचे काटे सुरीने काढून पाने आरशासारखी गुळगुळीत केली. आईला दाखवली. तिने एक जुडी उलटी करून पाहिली, काहीतरी बोलणार होती, मग म्हणाली, "छान दिसतंय रे."

इतके छान काम मी कारखान्यातही केले नव्हते.


रविवार, ९ जून

गेलो. भिंतीला हात लावत लावत गेलो. दगड जागेवर होता. बाराची घंटा होईपर्यंत बसलो. हे आधी लिहून ठेवतो, कारण बाकीचे चांगले नाही.

बायका टोपल्या आणि बादल्या घेऊन रांगेतून फिरतात आणि विचारतात, "बदलायचं का?" माझ्यासमोर थांबत, जुडी उचलत, उलटी करून बघत आणि परत ठेवत. शेवटी दोन्या प्रुदेन्सिया आली. रांग तीच सांभाळते. पांढरी वेणी कमरेपर्यंत आहे आणि आवाज पुढच्या गल्लीपर्यंत.

"दोमितिलाचा ना रे तू?"

"हो."

"मग ही कोणाची भाजी?"

"आमचीच. घळीतली."

"घळीतली? हिच्या मुळाशी माती कुठंय? अरे मुळंच कुठायत? अंघोळ घालून, केस कापून आणलीस. लग्न आहे का हिचं?"

रांग हसली. उन्हाच्या टोकाकडून दोन्या ओबदूलिया उठून आली, रुंद, बुटकी, डोक्यावर टोपीवर टोपी. तिने जुडी नाकाला लावली. "शहरातल्या गार गोदामातली वाटते. दोरा पण बघ, इस्पितळातला."

अकरा वाजेपर्यंत धुतलेली भाजी माना टाकून बसली. निवडुंगाची पाने काळी पडून चिकट झाली. दोन्या प्रुदेन्सियाने एक जुडी घेतली, साबणाची वडी दिली आणि जुडी तिथेच तिच्या गाढवापुढे टाकली. गाढवाने आधी वास घेतला, मग विचार केला, मग खाल्ली. दुसरी दोन्या ओबदूलियाने घेतली. बदल्यात दोन त्लाकोयो दिले, काळ्या घेवड्याचे सारण भरलेले, तव्यावर शेकलेले, वर निवडुंगाच्या फोडी आणि हिरव्या टोमॅटोचा ठेचा. मी ते घरी नेणार होतो.

"इथंच खा," ती म्हणाली. "गार झाले की माझं नाव खराब होतं."

खाल्ला. मका, घेवडा, धूर, आंबट, तिखट. एक कधी संपला आणि दुसरा कधी खाल्ला ते कळलेच नाही. जिभेखाली पाणी सुटले, पण ते वेगळे पाणी होते. देवाचे आभार मानले. दोन्या ओबदूलियाचे मानायचे राहिले, कारण ती माझ्या दगडाकडे बघत होती.

घरी आईला सगळे सांगितले. ती हसून हसून प्लास्टरवर हात आपटू लागली. "माती बघूनच कळतं, भाजी घळीतली की बाहेरची. आपल्या घळीतली माती काळी. बायका माती ओळखतात, भाजी मागाहून."

"मग काल का नाही सांगितलंस?"

"काल सांगितलं असतं तर रात्रभर एकेका मुळाला सारखी माती लावत बसला असतास."

हे अन्यायाचे आहे, पण चूक नाही.


रविवार, १६ जून

भाजी मातीसकट नेली. मुळांना ओले फडके गुंडाळले, जुड्या लव्हाळ्याने बांधल्या, लहान मोठ्या झाल्या तशाच. निवडुंगाचे काटे तिथेच बसून काढत गेलो, कोणी मागेल तसे. अंगठ्यात अकरा काटे गेले. भाजी साडेदहालाच संपली आणि बाराच्या घंटेपर्यंत नुसताच बसून राहिलो.

मिळाले ते: मका, कांदे, भोपळ्याची फुले, सुकी अंबाडीची फुले, राजगिऱ्याचे लाडू. प्रत्येकीला विचारले की हे कसे करायचे. आधी लाज वाटली, नंतर नाही, कारण एकीला विचारले की तिघी भांडू लागतात. अंबाडीचे सरबत करून फुले फेकून देतात असे मी समजत होतो. एक बाई म्हणाली, "फेकतोस? अरे पिळून काढ, कांद्याबरोबर तव्यावर परत, टॉर्टियात घाल. मग सांग मांस कुठलं आणि फूल कुठलं." दुसरी म्हणाली, "कांद्याबरोबर नाही, लसणाबरोबर. हिचं ऐकशील तर उपाशी राहशील."

घरी दोन्ही प्रकारे केली. लसणाची बरी झाली. आईला कांद्याची आवडली. बावीस वर्षे या गावात जगलो आणि हे सगळे आमच्या घरापासून सात गल्ल्यांवर होते.

दोन वेळा घट्ट, दोन्ही वेळा लगेच सुटले. एक काळजी आहे. दोन्या ओबदूलिया पुन्हा माझ्या जागेशी आली आणि तिने टाचेने दगड हलवून पाहिला. किती जड आहे याचा अंदाज घेत असावी.


रविवार, २३ जून

सगळे संपले.

१०.२०ला चौकात एका माणसाने मोठी कढई लावली आणि डुकराची कातडी तळायला सुरुवात केली. वारा आमच्याकडे होता. चरबीचा वास आला आणि मला बटण दिसले, तीन पावलांवर. हातातली सुरी पडली. मी उठलो. उठू नको असे स्वतःला सांगत होतो आणि पाय चालत होते.

कोपऱ्यावरून मागे पाहिले. दोन्या ओबदूलिया तिची टोपली घेऊन सावलीत येत होती. माझ्या जागेवर बसली. माझे फडके तिने सरळ केले आणि त्यावर मांडी घातली.

चार वर्षे वाट पाहिली होती तिने. मी तिला दोष देत नाही. नाही, देतो.

आईला सांगितले की भाजी लवकर संपली. संध्याकाळी दारात आमची टोपली होती. वर कापड गाठ मारून बांधलेले. आत मका, काळा घेवडा, तीन अवोकाडो, मिरच्या, माझी सुरी आणि पापालोच्या पानांची एक जुडी, ती उग्र वासाची. ठेवणारे कोणी दिसले नाही. आई कापडाकडे बघून म्हणाली, "ओबदूलियाची गाठ आहे."

गाठीवरून माणूस कसा ओळखता येईल? आणि जागा घेतल्यावर ती टोपली कशाला पाठवील? दयेने पाठवली असेल तर आणखीच वाईट.


शुक्रवार, २८ जून

पाच दिवस घट्ट. आज आईला खरे सांगितले. जागा गेली, माझ्यामुळे गेली, एकोणीस वर्षांची जागा. ती घेवडा निवडत होती. निवडतच राहिली.

"तू स्वतः पाहिलंस दगड उचलताना?"

"नाही."

"मग रविवारी जा आणि बघून ये."

"आणि नसला तर?"

"नसला तर रिकाम्या हातानं परत ये. रस्ता तोच आहे." मग म्हणाली, "भाजी घेऊन जा पण. नाहीतर दगड असला आणि भाजी नसली, तर प्रुदेन्सिया मला जिवंत सोडणार नाही."


रविवार, ३० जून

दगड जागेवर होता.

मी उभाच राहिलो. दोन्या प्रुदेन्सिया गाढवाला पाणी पाजत होती. तिला म्हणालो, "मागच्या रविवारी मी घंटेआधी उठलो होतो." खोटे बोलून बसणे मला जमले नसते.

"सातवी जागा मागच्या रविवारी घंटेपर्यंत भरलेली होती," ती म्हणाली. "मी पाहिली ना."

"पण मी..."

"कोण बसलं होतं ते दिसण्याइतके माझे डोळे चांगले नाहीत पोरा. म्हातारी झाले. बस आता, वाट अडवू नकोस."

मग मी दोन्या ओबदूलियाकडे गेलो, उन्हात. माझ्याकडची सगळ्यांत चांगली घोळीची जुडी तिच्यासमोर ठेवली. "तुम्ही का केलंत हे? जागा तुम्हाला मिळाली असती."

"काय केलं? ऊन लागत होतं. सावली दिसली, बसले. सावली तुझ्या बापाची आहे का?"

"माझी भाजी तुम्ही बदलून दिलीत. टोपली आणलीत."

"आणि जागा घेतली असती तर? तुझी आई प्लास्टरसकट लंगडत येऊन माझ्या झिंज्या उपटत बसली असती. त्यापेक्षा ऊन बरं." तिने जुडी माझ्याकडे परत सरकवली. "ही उचल. आभाराची भाजी मी घेत नाही. बदलायची असली तर बदल."

"तो दगड तुम्ही टाचेनं हलवत होतात..."

"वाकडा झाला होता. कोणाच्या पायात आला असता." मग जरा हळू बोलली. "पापालोची पानं पाठवली होती ना? तो कढईवाला आला की एक पान चुरगळायचं आणि नाकाशी धरायचं. माझा नवरा खाणीतून आला तेव्हा त्याला धुराचं असंच व्हायचं. काही मरत नाही माणूस. पण उठून पळायचं असेल तर सांगून पळ, म्हणजे मी वेळेवर येऊन बसेन."

जुडी दोन त्लाकोयोंना बदलली. कढईवाला ११ला आला. मी पान चुरगळले. पाणी डोळ्यांतून आले, पण ते पापालोचे असावे. बाराची घंटा मी बसून ऐकली.

तिच्याबद्दल वर जे लिहिले आहे ते खोडणार नाही. मी कसा विचार करतो हे मला माहीत असावे.


बुधवार, १० जुलै

आईचे प्लास्टर निघाले. डॉक्टरांनी घोटा फिरवून पाहिला आणि म्हणाले, हाड उत्तम जुळले आहे, आठवडाभर काठी घ्या, मग बकरीसारख्या पळाल. आई बसमध्ये म्हणाली, "कालचं पोर आहे ते. त्याला काय कळतंय दुखणं?" तिला चांगलेच दुखत असावे. उंबऱ्यावर थांबून तिने माझ्याकडे पाहिले आणि मग लंगडली.

रविवारी मलाच जावे लागेल. मी तिला म्हणालो, काही हरकत नाही. म्हणालो आणि लक्षात आले की खरेच काही हरकत नाही.


रविवार, १४ जुलै

आज दोन्या ओबदूलियाने काणी आणली. मक्याच्या कणसावर येणारी राखाडी फुगलेली बुरशी, आत काळी शाई. लहानपणी मी ती ताटात सरकवून ठेवायचो. "कारखानदार," ती मला म्हणाली (हल्ली हेच नाव पडले आहे), "शेत बिघडलं की देव ही देतो. कांदा, मिरची, भोपळ्याची फुलं, झाकण ठेवून शिजव. उघडून बघत बसू नकोस, लाजते ती."

घरी केली. झाकण दोनदाच उघडले. काळीकुट्ट झाली, बघायला भयंकर. चव मातीची, पावसाची, आणि खूप आत कुठेतरी मांसासारखी भरीव. त्या आठवणीनेही घट्ट झाले नाही. पाच टॉर्टिया खाल्ल्या. खिळ्याने पाडलेल्या दोन भोकांपैकी एक सुटले.

मामा आला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "सशाला पोट सुटलं की काय!" मग ताट ओढून बसला आणि उरलेली सगळी काणी संपवली. मला राग आला नाही. पुढच्या वेळी जास्त करीन.


सोमवार, २२ जुलै

आईच्या पायाची नोंद ठेवतो आहे, डॉक्टरांना दाखवायला. संध्याकाळी जास्त दुखतो, मी घरी असताना. मी घळीतून येतो तेव्हा ती खाटेवर असते. काल मक्याचे पोते ओसरीतून आत आले होते. शेजारच्या मुलांनी आणले असेल, त्यांचे आभार मानायला हवेत. काठी दाराच्या कोपऱ्यात आहे. तिच्या मुठीवर कोळ्याने जाळे विणले आहे. आई काठी फार जपून वापरते.

रोखेलियोला पत्र लिहिले. अंबाडीच्या टॉर्टियाची कृती पाठवली. दुसरे काय लिहावे कळेना, म्हणून शेवटी लिहिले की तू निरोप पाठवलास त्याबद्दल आभार.


रविवार, ४ ऑगस्ट

आज वर्षाची रांग ठरायचा दिवस. दोन्या प्रुदेन्सिया भिंतीकडून एकेक दगड करत येते, प्रत्येकीला विचारते आणि तिची पुतणी पाटीवर नाव लिहिते. आठव्या जागेची म्हातारी मुलीकडे राहायला जाणार आहे. आठवा दगड दोन्या ओबदूलियाला मिळाला. ती सावलीत येऊन बसली, दोन टोप्यांपैकी एक काढली आणि म्हणाली, "थंडी वाजते इथं." मग तोंड फिरवून शालीने नाक पुसत बसली. मी न बघितल्यासारखे केले.

"सातवी," दोन्या प्रुदेन्सिया म्हणाली. "कोणाची लिहायची?"

"आईची," मी म्हणालो. "तिचा पाय बरा होईपर्यंत मी आहे."

बायकांनी एकमेकींकडे पाहिले. पुतणीने खडू उचलला.

"अगं थांब," दोन्या ओबदूलिया म्हणाली. "दोमितिलाच मला म्हणाली की आता पोराचं नाव लाव. परवा घळीत भेटली तेव्हा, डोक्यावर भारा घेऊन चढत..."

दोन्या प्रुदेन्सिया खोकली. गाढवाने मान वळवली. दोन्या ओबदूलियाने टोपी परत घातली.

घळीचा चढ मला माहीत आहे. तिथे लंगडत्या माणसाला रिकाम्या हातानेही चढता येत नाही. मला पोते आठवले, काठी आठवली, आणि मी घळीतून येण्याच्या वेळा. सगळे मीच वहीत लिहिले होते. रांगेतल्या चौदा बायका माझ्याकडे बघत होत्या आणि त्या सगळ्यांना माहीत होते. फार तर गाढवाला माहीत नसेल.

मी म्हणू शकलो असतो, आई चालते आहे, तिचीच लिहा, मी घरी जातो. तीन महिन्यांपूर्वी हेच म्हणालो असतो.

"माझी लिहा," मी म्हणालो. "आईचा पाय काही बरा व्हायचा नाही."

"बिचारी," दोन्या प्रुदेन्सिया म्हणाली. "लिही गं. एउसेबियो."

पुतणीने माझे खरे नाव बरोबर लिहिले, नुसते चेबो नाही. मी वाकून पाहिले.

"आता बदलणार आहेस," दोन्या ओबदूलिया म्हणाली, "का नुसता बघत बसणार आहेस?"

घरी आलो तेव्हा आई परसात तारेवर ओली घोंगडी टाकत होती, दोन्ही पायांच्या चवड्यांवर उभी. मी फाटकाशी खोकलो आणि बुटाचा बंद बांधायला वाकलो. वर पाहिले तेव्हा ती भिंतीला धरून उभी होती.

"आलास? फार ठणकतोय रे आज."

"बस आई. मी वाळत घालतो," म्हणालो, आणि स्टूल आणून तिच्यापासून जरा लांब ठेवले, तिला लंगडायला जागा मिळावी म्हणून.